कुंडी ठेवायलाही जागा नाही, तरी घरी खत करावं का?

चौथा मजला

आमच्या घराला बाग नाही, गॅलरीही नाही. ओट्याखाली झाकणाचे दोन डबे आहेत आणि गेली तीन वर्षं आमच्याकडची भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा यातलं काहीही कचऱ्याच्या पिशवीत गेलेलं नाही. "बाग नाही, मग खत करून करणार काय?" हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय, की एकदा नीट मांडावं म्हटलं. माझ्या लेखी खत हा यातला दुय्यम भाग. मुख्य काम म्हणजे ओला कचरा घरातच जिरवणं. त्याला बाग लागत नाही, सुका पाचोळा लागतो.

पिशवीत बांधून टाकलेली साल कचऱ्याच्या डोंगराखाली दबते. तिथे हवा पोचत नाही, मग ती हवेशिवाय कुजते आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरून ठेवतो. तीच साल भोकं पाडलेल्या डब्यात हवेवर कुजली, तर मिथेन जवळपास होतच नाही.

पहिला डबा मी पुरता बिघडवला होता. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर तळाशी काळा चिखल, कडेला वळवळणाऱ्या पांढऱ्या आळ्या आणि सडक्या अंड्यासारखा वास. फेकूनच देणार होते. पण आधी सगळं जुन्या वर्तमानपत्रांवर ओतलं, पुठ्ठ्याचं एक खोकं बारीक फाडून त्यात कालवलं आणि परत भरलं. चार दिवसांनी वास गेला, आठवड्याने पहिल्या पावसातल्या मातीचा वास यायला लागला. चूक एवढीच होती की मी ओल्यावर ओलं टाकत गेले. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) 25 ते 30 पट कर्ब, म्हणजे कार्बन, लागतो. सालींत नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब मात्र वाळलेली पानं, भुसा, पुठ्ठा यांत. म्हणून एक वाटी ओलं, तर वर दोन वाट्या सुकं. मूठभर मिश्रण दाबून पाहायचं: हाताला ओल लागली पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये.

आता बोला. विरोध असेल तर तोही ऐकायचाय.

दोन खोल्या

माझा विरोध आहे, आणि तो आठ महिने करून पाहिल्यानंतरचा आहे.

घरात आईला दमा. कुजणाऱ्या ढिगात बुरशी असणारच, ती असते म्हणूनच पानं आणि पुठ्ठा कुजतात. डबा हलवला की तिचे बीजाणू हवेत उडतात. उघड्या गच्चीवर ठीक आहे, पण आमच्या स्वयंपाकघराला एक खिडकी आणि आईचा पलंग तिथून दहा पावलांवर. डॉक्टरांनी विचारलं, "घरात नवीन काय आणलंत?" त्या दिवशी मी डबा बंद केला.

दुसरं, ढीग तापायला आकार लागतो. साधारण एक घनमीटरचा ढीग असेल तर आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं आणि रोगजंतू, बिया मरतात. वीस लिटरच्या डब्यातली उष्णता निघून जाते, तो कोमटच राहतो. माझ्या 'तयार' खतातून टोमॅटोची रोपं उगवली होती. बी जिवंत राहतं, तर बाकी काय काय जिवंत राहत असेल?

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे काम नगर प्रशासनाचं आहे. दक्षिण कोरियाने 2005 मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत गाडायला बंदी घातली आणि 2013 पासून जेवढा कचरा तेवढे पैसे अशी पद्धत देशभर आणली. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2024 पासून ओला कचरा वेगळा करायची सोय घराघराला देणं बंधनकारक आहे. मोठ्या केंद्रात तापमान राखलं जातं, वायू पकडून इंधन करता येतं. आपण ओट्याखाली डबे ठेवून समाधानी राहिलो, तर ही मागणी करणार कोण?

पानगळ

दम्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. घरात कोणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उघडा डबा घरात नको.

पण टोमॅटोच्या रोपांवरून खत वाईट ठरवू नका. थंड कुजण्यातही जंतू कमी होतात, फक्त वेळ जास्त लागतो आणि खात्री तेवढी नसते. म्हणून मांस-मासे, पाळीव प्राण्यांची घाण डब्यात घालायची नाही, हात धुवायचे आणि खत तीन-चार महिने मुरू द्यायचं.

मागणी कोण करणार, याचं उत्तर माझ्या अनुभवातून देते. आमच्या इमारतीत ओला कचरा वेगळा उचलावा यासाठी अर्जावर सह्या गोळा केल्या, तेव्हा पुढे आलेली सगळी माणसं घरी डबा ठेवणारीच होती. ज्याने रोजचा कचरा स्वतःच्या हाताने चाळलाय, त्याला तो डोळ्यांआड होऊन चालत नाही.

साधा प्रश्न

बोकाशी, म्हणजे कचरा बंद डब्यात आंबवायची पद्धत, वापरली तर? डबा हवाबंद असतो, बीजाणू उडायचा प्रश्न नाही. आणि ते विजेवरचं यंत्र, जे रात्रीत खत करतं म्हणतात?

दोन खोल्या

यंत्रं बघितली आहेत. त्यातली बरीचशी फक्त वाळवून दळतात. बाहेर पडतो तो सुका चुरा, खत नव्हे. ओला केलात की बुरशी धरतो आणि कुजणं तिथून पुढे सुरू होतं. वजन कमी होतं हे खरं, पण वीज जाळून.

बोकाशीत दुधाच्या आम्लाचे जिवाणू मिसळलेला कोंडा थराथरावर टाकायचा, दाबायचं, झाकण घट्ट लावायचं. दोन आठवड्यांत सगळं आंबतं. वास लोणच्यासारखा आंबट, घाण नाही. पण आंबलं म्हणजे कुजलं नव्हे. ते मातीत पुरावंच लागतं, तेव्हा कुठे आणखी काही आठवड्यांत त्याची माती होते. ज्याच्याकडे माती नाही त्याने पुरायचं कुठे? माझा मूळ आक्षेप हाच आहे. धाग्याच्या सुरुवातीला सगळं सांगितलंय, पण तयार खत जातं कुठे हे सांगितलेलं नाही.

चौथा मजला

बरोबर पकडलंत. ते मी टाळलं, कारण तिथेच माझी पहिली दोन वर्षं अडखळत गेली.

आमच्या तिघांच्या घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो, म्हणजे महिन्याला पंधरा किलो. त्यातलं बहुतेक पाणी, त्यामुळे शेवटी हातात फार थोडं उरतं. तरी वर्षाला काही पोती होतातच. खिडकीच्या गजांत अडकवलेल्या दोन कुंड्यांना एवढं खत मानवत नाही. नुसत्या खतात रोपं नीट वाढत नाहीत, मातीत चौथा हिस्सा पुरतो. पहिल्या वर्षी मी जास्त घातलं आणि दोन्ही कुंड्यांतल्या रोपांच्या पानांच्या कडा जळाल्या.

आता चाळून कोरडं केलेलं खत पिशव्यांत भरते आणि खालच्या मजल्यावर कुंड्या असलेल्या दोघींना देते. उरलेलं इमारतीच्या आवारातल्या झाडांना, परवानगी घेऊन. बोटभर जाडीचा थर, खोडापासून वीतभर लांब, कारण खोडाला ओल लागून राहिली की साल कुजते. अर्धवट कुजलेलं कुणालाही देत नाही.

बोकाशीसाठी एक उपाय आहे. झाकणाच्या मोठ्या टपात जुन्या कुंड्यांतली माती भरायची आणि आंबलेलं त्यात मिसळायचं. तीच माती पुन्हा पुन्हा वापरता येते. पण टपाला जागा लागते, आणि दोन खोल्यांत ती नसेल तर नाही, हे मी मान्य करते.

नगर प्रशासनाबद्दल मात्र माझं मत तेच. सोय येईल तेव्हा माझे डबे मी आनंदाने बंद करीन. ती येईपर्यंतच्या साली कुठे टाकू?

दोन खोल्या

त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. सध्या साली फ्रीजरमध्ये गोठवतो आणि रविवारी एका मित्राच्या गच्चीवरच्या पिंपात नेऊन टाकतो. वास नाही, चिलटं नाहीत, आणि डबा उघडायचं काम उघड्या हवेत.

साधा प्रश्न

मग मी सुरुवात कशाने करू? डबा, गांडुळं, की कोंडा?

पानगळ

अजून काहीच विकत घेऊ नका. आधी आठवडाभर ओला कचरा वेगळा काढा आणि रोज वजन लिहा. गांडुळं नंतर कधी आणलीत तर लक्षात असू द्या, एक किलो गांडुळं दिवसाला फार तर अर्धा किलो खातात, तेही स्थिरावल्यावर, आणि उन्हाळ्यात तापलेल्या डब्यात ती मरतात. त्याच आठवड्यात सुकी पानं किंवा पुठ्ठा नियमित कुठून मिळेल ते शोधा. पोतंभर सुकं घरात आलं, की मग इथे वजनाचे आकडे टाका. डब्याचं माप आपण तेव्हा ठरवू.