चाळीतला गॅस सेन्सर पावसात का बोंबलतो

निफाडच्या भाऊंनी विचारलंय की कांदा चाळीत सडका कांदा कळावा म्हणून एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर लावलाय आणि तो पाऊस आला की उगाच वाजतो, खराब आहे का? भाऊ, सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे, त्याचं कामच तसं चालतं. आत टिन डायऑक्साइडचा थर असतो, हा सेमीकंडक्टर, म्हणजे विजेला अर्धवट वाट देणारा, आणि हीटर त्याला २०० डिग्रीच्या वर तापवतो. गरम थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन ओढून धरतो, म्हणून स्वच्छ हवेत रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. मग अमोनिया, अल्कोहोल असले वायू आले की ते त्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करतात, इलेक्ट्रॉन परत थरात सुटतात, रेझिस्टन्स धाडकन खाली आणि रीडिंग वर. जपानचे संशोधक तागुची यांनी १९६२ मध्ये याचं पेटंट टाकलं ते गॅस गळती पकडायला, आणि तत्त्व आजही तेच.

आता गोची अशी की पाण्याची वाफसुद्धा रेझिस्टन्स पाडते, आणि कोणता वायू आला हे याला वेगळं सांगताच येत नाही, शेजारी फवारणी झाली किंवा ट्रॅक्टर चालू राहिला तरी आकडा हलणार. मला तर एकच फिक्स आकडा धरून अलार्म लावणं मुळातच चुकीचं वाटतं. शेजारी तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावा, त्यानुसार रीडिंग दुरुस्त करा, आणि रोज ठरलेल्या वेळी ते चढतंय का बघा. नवीन पीस असेल तर आधी एक-दोन दिवस सलग तापू द्या.