जुन्या इंग्रजीने केलेली फजिती : तुमचे अनुभव सांगा

परवा मुलाचा पहिला पासपोर्ट आला. आत राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते, धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे अशी. चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "बाबा, लेट म्हणजे परवानगी ना? मग परवानगीशिवाय जाऊ द्या म्हणतायत, तर पासपोर्ट कशाला काढला?" मी तीन वेळा परदेशी जाऊन आलोय, पण ती ओळ कधी वाचलीच नव्हती. कोश काढला. जुन्या इंग्रजीत एकसारखी दिसणारी दोन क्रियापदं होती. एकाचा अर्थ जाऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. पुढे दोन्हींचं स्पेलिंग एकच झालं आणि अडवणारं मागे पडलं. ते उरलंय पासपोर्टात आणि टेनिसमध्ये. सर्व्हिस जाळ्याला लागून पलीकडे पडली की पंच 'लेट' म्हणतात, ते हेच. मी इतकी वर्षं ते 'उशीर'वालं समजत होतो.

तुमच्याकडेही असं काही असणार. ऐकीव नको, स्वतःवर आलेलं लिहा.

– धागाकर्ता, डोंबिवली

*

मी २२ वर्षं वकिलाकडे टायपिस्ट होते. पहिल्याच आठवड्यात भाडेपट्ट्याचा मसुदा समोर आला. त्यात ओळीआड 'डिमाइज्ड प्रिमायसेस'. मला डिमाइज म्हणजे मृत्यू एवढंच ठाऊक. वाटलं, मालक वारलेले दिसतात. म्हणून मालकाच्या नावामागे माझ्या अकलेने 'कै.' लावलं. संध्याकाळी मालक स्वतः सही करायला हजर! साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि अशिलाला आधी चहा सांगितला.

मग समजावलं. डिमाइज म्हणजे मुळात हक्क दुसऱ्याच्या हाती देणे. राजा गेला की मुकुट वारसाकडे जायचा, त्या हस्तांतरालाही हाच शब्द. तिथून तो मरणाला चिकटला. भाडेपट्ट्यात मात्र जुनाच अर्थ चालू आहे. पुढे 'मेसुएज' म्हणजे घर आणि भोवतालची जागा हेही शिकले, पण 'कै.' काही विसरता येत नाही.

– पुणे

*

आजोबा गिरणीत हेडक्लार्क. त्यांच्या ट्रंकेत पत्रांच्या कार्बन कॉप्या सापडल्या. 'तुमचे १४ इन्स्टंटचे पत्र मिळाले.' मला वाटलं तातडीचं पत्र असणार. तसं नाही. इन्स्टंट म्हणजे चालू महिना, अल्टिमो म्हणजे गेला, प्रॉक्सिमो म्हणजे येणारा. हे कळल्यावर सगळ्या पत्रांच्या तारखा पुन्हा लावाव्या लागल्या. माझा अख्खा रविवार गेला.

– लालबाग

*

आम्ही नगरचे, मिशन कंपाउंडात वाढलो. रविवारच्या शाळेत तेविसावं स्तोत्र इंग्रजीत पाठ करायचं, १६११ च्या बायबलातलं. 'द लॉर्ड इज माय शेफर्ड, आय शॅल नॉट वाँट.' आठ वर्षांची मी. मला वाटे, मेंढपाळ देव आहे आणि तो मला नकोय असं म्हणायचंय. एवढं उद्धट वाक्य सगळे हात जोडून का म्हणतात ते कळेना, म्हणून शेवटचे दोन शब्द मी नुसते ओठ हलवून म्हणायचे. मम्मीच्या लक्षात आलं. तिने मराठी बायबल पुढ्यात ठेवलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' वाँट म्हणजे उणीव! आजही ते इंग्रजीत म्हणताना मनात 'उणे' येतं.

– नगर, सध्या मेलबर्न

*

कोल्हापूर, बी. ए.चा वर्ग. जेन ऑस्टिनची 'एमा', १८१५ ची. बग्गीत मिस्टर एल्टन एमाशी 'मेकिंग व्हायोलंट लव्ह' करतात असं वाक्य आलं. मागचे बाक फुटले. सर शांतपणे म्हणाले, "तो फक्त बोलतोय. तेव्हा त्याचा अर्थ प्रेमाची आर्जवं करणे एवढाच होता." वर्गाची निराशा झाली, पण कादंबरी त्या दिवशी सगळ्यांनी विकत घेतली.

– कोल्हापूर

*

लेस्टरला पंक्चर काढायला गेलो आणि 'स्टेपनी' मागितली. गोरा गॅरेजवाला बघतच राहिला. शब्द त्यांचाच! सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर ते तयार झालं, म्हणून नाव स्टेपनी. तिकडे कोणाला आठवत नाही, आपल्याकडे रिक्षावालाही बोलतो.

– सातारा

*

आजीचं 'झंपर' राहिलंच की! जंपरचा 'ब्लाउज' हा अर्थ इंग्रजांनी केव्हाच सोडला, आता ते त्या शब्दाने स्वेटर समजतात. सुनेने लंडनहून 'जंपर' पाठवला तेव्हा आजी म्हणाली, "अगं, याला पुढे हुकं कुठेत?"

– मिरज

*

आमच्या पणजोबांच्या जुन्या इंग्रजी कागदात मृत्यूचं कारण एका शब्दात लिहिलंय, 'कन्झम्प्शन'. घरातल्या शिकलेल्यांनी त्याचा अर्थ लावला दारू. दोन पिढ्या पणजोबा दारूने गेले असंच सांगितलं गेलं. लग्नाच्या बैठकीत पोरांना पाजलेला उपदेश तर विचारू नका. गेल्या वर्षी मी डॉक्टर झाले आणि दिवाळीत तो कागद हातात आला. कन्झम्प्शन म्हणजे क्षय, टीबी. माणूस आतून झिजत, संपत जातो म्हणून. आपला 'क्षय'सुद्धा तेच सांगतो, अक्षरशः.

मी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं. ९१ वर्षांची आतेआजी सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "क्षयाने गेले, बरोबर. आई सांगायची. पण पीत नव्हते असं कोण म्हणतं? पीत होतेच."

– अमरावती