लिफ्टमध्ये वजनकाटा गंडतो का?

प्रश्न: काट्यावर उभा राहून लिफ्टने वर गेलो, निघताना ६० चे ६६ किलो दाखवले आणि लगेच परत ६०. लिफ्ट तर वरच चाललेली, मग?

– अरे काटा तुला खालून किती जोरात ढकलतोय तेवढंच दाखवतो. निघताना त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, वरच्या दिशेने १ मी/से² धर, गुरुत्वाचं ९.८, ६० × (९.८ + १) = ६४८ न्यूटन, किलोत आणायला भागिले ९.८ म्हणजे ६६, नंतर वेग एकसारखा झाला की त्वरण शून्य, मग ६०च की.

– वर थांबताना बघ, वेग कमी होतो म्हणजे त्वरण खालच्या दिशेने, म्हणून ५४ च्या आसपास येईल. त्वरणाची दिशा बघायची, वेगाची नाही, सीईटीला पोरं इथंच मार्क घालवतात.

– म्हणजे खाली पोचून थांबताना परत ६६?

– हो. फक्त स्प्रिंगवाला काटा घे, डिजिटलवाले बरेचदा आकडा लॉक करून बसतात.