श्वासावर बसलो की आईचा मिस्ड कॉलच दिसतो, काय करू?

निपाणीकर८७
नमस्कार. मी मूळचा निपाणीचा, बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. चार महिन्यांमागं आई गेली. आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या तिनं. त्या रात्री मी सेकंड शिफ्टला होतो, साडेआठला तिचा फोन आलेला, म्हटलं सुटल्यावर करतो, आणि बाहेर येऊन बघतो तर भावाचे सात कॉल. डॉक्टर म्हणाले हार्टचं होतं, फोन उचलला असता तरी फरक पडला नसता, पण मन ऐकत नाही. घरात बुद्धवंदना असते, पंचशील लहानपणापासून पाठ आहे, म्हणून एका मित्रानं आनापान कर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवून बस, म्हणून सांगितलं. तीन आठवडे रोज बसायलोय. डोळे मिटले की दोन मिनिटांत तो कॉल समोर, छाती भरून येते, उठून बाहेर जातो. माझं काय चुकतंय? विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला जाऊ का?

खानापूरची_ताई
दादा, चुकत काही नाही तुमचं. दिवसभर कामाच्या आवाजात दाबलेलं शांत बसल्यावर वर येणारच की. संयुत्त निकाय म्हणून बुद्धांच्या उपदेशांचा संग्रह आहे, त्यात सल्ल सुत्त आहे, एका माणसाला बाण लागतो आणि लगेच त्यालाच दुसरा बाण लागतो. तिथं पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा मनाच्या आक्रोशाचा आहे, पण आमचे हे गेले तेव्हा मी ते असं वाचलं की माणूस गेलं हा पहिला, आणि "मीच लक्ष दिलं नाही" हा दुसरा, तो मी रोज रात्री स्वतःच मारून घेत होते. तुम्ही डोळे उघडे ठेवा. बसवत नसेल तर चाला, सतिपट्ठान सुत्तात चालताना चालतोय हे जाणणं पण आहेच. कॉल आठवला की त्याला हाकलू नका, मनात फक्त म्हणा "आठवण आली, छातीत दाटलं", आणि पाय जमिनीला टेकलेत तिकडं लक्ष न्या. पाच मिनिटं पुरे. रडू आलं तर रडा, मी अंगणात तुळशीजवळ उभी राहून रडायचे.

आनापान_साधक
शिबिराला आत्ता नको, हे कळकळीनं सांगतो. तुम्हाला जवळचं केंद्र हातकणंगल्याजवळ आळत्याला आहे, मी तिथं बसलोय, मौन असतं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, ताज्या दुःखात ते झेपेलच असं नाही. फॉर्मवर मनाच्या त्रासाबद्दल विचारतात तिथं खरं लिहायचं, लपवायचं नाही. मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनापासून चिंतणं, तिथं दहाव्या दिवशी शिकवतात, तुम्ही मात्र तिथूनच सुरू करा. आणि एक, बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या ग्रंथात मैत्री आधी स्वतःपासून सुरू करायला सांगितलीय आणि गेलेल्या माणसावर करू नये असं स्पष्ट आहे. मला आधी ते कठोर वाटलं होतं. माझे वडील गेल्यावर पटलं, कारण त्यांना धरून बसलो की मैत्रीच्या जागी नुसती ओढ वाढायची. म्हणून "मी सुखी होवो, माझं दुःख कमी होवो" इथून सुरुवात, मग जिवंत माणसं. तुमचा भाऊ आहे की.

चिकोडी_वाचक
वरचं सगळं बरोबर, पण एकट्यानं बसून सगळं होणार नाही असं मला वाटतं. किसा गोतमीला बुद्धांनी बसायला सांगितलं नव्हतं, मेलेलं लेकरू घेऊन आली तर जिथं कुणी गेलं नाही अशा घरातून मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली, प्रत्येक दारात कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार, माझ्या मते औषध तिथंच होतं. तुम्ही भावाशी त्या रात्रीबद्दल कधी बोललाय का? आणि झोप, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल पण लांब नाही.

निपाणीकर८७
सगळ्यांचे आभार. झोप कमी आहे पण जेवतोय, तसला काही विचार नाही. नंबर सेव्ह केलाय. रविवारी निपाणीला गेलो, भावाला विचारलं. तो म्हणाला आईनं त्यालाही संध्याकाळी चहाला बोलावलं होतं, हा गेला नव्हता, आणि चार महिने तो ते कुणालाच बोलला नव्हता. दोघं सोप्यात बराच वेळ बसलो. तिचं सूप अजून खुंटीलाच आहे. काल रात्री भावाचं नाव घेऊन मैत्री केली, कॉल आठवला, पण या वेळी उठलो नाही.