कर्व्यांनी महिला विद्यापीठ वेगळं काढलं ते बरोबर होतं का?

धागाकर्ता: 1916 साली अण्णा कर्व्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच, सरकारी मान्यता नाही आणि पैशाची सदाचीच ओढाताण. तरी माझं स्पष्ट मत आहे की वेगळं काढलं ते योग्यच केलं. मुंबई विद्यापीठ 1857 चं, तिथे सगळं इंग्रजीतून, मग लहानपणी लग्न होऊन विधवा झालेली, उशिरा अक्षर गिरवायला लागलेली बाई त्या मॅट्रिकपर्यंत कधी पोचणार? अण्णांनी मातृभाषेतून शिकवलं आणि इंग्रजी एक विषय म्हणून सक्तीचा ठेवला, अजून काय करायला हवं होतं?

प्रतिसाद १: अजिबात पटत नाही. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून 1880 च्या दशकातच मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, म्हणजे दार उघडं होतं. ते अजून रुंद करायचं सोडून वेगळी चूल कशाला? त्यात अभ्यासक्रमात गृहशास्त्र, म्हणजे शिकूनही बाईने घरच बघायचं. आणि पदवीचं काय, बीए नाही तर जीए, गृहीतागमा! कायद्याने मान्यता मिळायला 1951 उजाडलं, तोवर ज्या मुली शिकल्या त्यांच्या पदवीला सरकारदरबारी किंमत काय होती सांगा.

धागाकर्ता: सोराबजींचे वडील मिशनरी, आई स्वतः पुण्यात शाळा चालवणारी, त्या घरातल्या मुलीची अण्णांच्या विधवाश्रमातल्या बालविधवेशी तुलना करताय? आणि मुंबई विद्यापीठ बदलेल म्हणून किती थांबायचं? त्याच विद्यापीठाच्या पहिल्या बीएंपैकी एक असलेले न्यायमूर्ती रानडे मराठीला तिथे परत जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे 1901 च्या सुमारास एमएला मराठी आली.

प्रतिसाद २: गृहशास्त्राबद्दल बोलायचं तर ते चुकून आलेलं नाही. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली, त्यांना ती कल्पना पटली आणि 1915 च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी ती उघड मांडली, स्त्रियांचं शिक्षण वेगळं असावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला ते मत पटत नाही, पण नुसत्या मतावर विद्यापीठ उभं राहत नाही हेही खरं, 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने 15 लाख दिले नसते तर आज आपण त्याला एसएनडीटी, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ, म्हणालोच नसतो.

प्रतिसाद १: ठाकरसींच्या देणगीबद्दल आदरच आहे, मातृभाषेलाही माझी ना नाही. पण मराठीतून विषय इतका चांगला डोक्यात शिरत होता तर तेच माध्यम मुलांसाठी का नाही मागितलं? मुलांना इंग्रजी बीए आणि बायकांना मराठी जीए, ही वाटणी मला सलते.