सेलेनियम टाकलं की इलेक्ट्रॉन सहज सुटतो?

टीटीएफ (टेट्राथायाफुल्व्हॅलीन) या गंधकाच्या सेंद्रिय संयुगात गंधकाजागी सेलेनियम टाकलं की टीएसएफ (टेट्रासेलेनाफुल्व्हॅलीन) मिळतं. सेलेनियम गंधकापेक्षा कमी विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन कमी ओढणारं, म्हणून टीएसएफचं ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन निघणं) टीटीएफपेक्षा सोपं, असा दावा केला जातो. तो ऐकायला पटतो, पण व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज बदलत मोजलेल्या विद्युतप्रवाहाचा आलेख) उलटं सांगतो. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात टीटीएफचा पहिला इलेक्ट्रॉन सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण ०.३४ व्होल्टला निघतो, दुसरा ०.७८ ला. टीएसएफचा पहिला शंभरेक मिलिव्होल्ट वरच जातो, म्हणजे तो काढणं जास्त अवघड. दुसरा त्या मानाने कमी सरकतो, म्हणजे दोन्हींतलं अंतर घटतं. मोठ्या, मऊ अणूंवर दोन धनभार एकमेकांना कमी टोचतात ना! तरी सेलेनियमचं महत्त्व आहेच: १९८० चा पहिला सेंद्रिय अतिवाहक (विद्युतरोध शून्य होणारा पदार्थ) अशा सेलेनियमवाल्याच संयुगाचा होता, तोही दाबाखाली, ०.९ केल्विनला.

आता, स्वतः मोजताना हे व्होल्टेजचे आकडे का जुळत नाहीत, त्याबद्दल. एमएस्सीच्या प्रोजेक्टला, नागपूरच्या मे महिन्यात, ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडला की सेलमधली (मोजणीच्या भांड्यातली) पातळी डोळ्यांदेखत उतरायची, कारण द्रावक उडून जायचा, आणि द्रावणाची तीव्रता वाढायची. शेवटी नायट्रोजन आधी ॲसिटोनायट्राइलच्या बाटलीतून फिरवला. दुसरी चूक माझीच: व्होल्टेजच्या संदर्भासाठी फेरोसीन हे लोखंडाचं संयुग टाकलं, तर आलेखातलं त्याचं शिखर टीटीएफच्या पहिल्या शिखरावरच बसलं. एकच जाडजूड कुबड! त्याऐवजी डेकामिथाइलफेरोसीन वापरा, त्याचं शिखर बरंच कमी व्होल्टला येतं.