खाडीच्या पाण्यात पाय कापला, सूज वाढतेय. सकाळपर्यंत थांबू का?

काल दुपारी बाबा खाडीत उतरले होते, शिंपल्याची धार लागून पोटरीला कापलं, जखम बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. धुऊन मलम लावलं. आज पाय लालभडक, सूज गुडघ्याकडे सरकतेय आणि दुखणं एवढं की चादर लागली तरी कळवळतात. थंडी वाजून तापही आलाय. त्यांना लिव्हर सिरॉसिस आहे, शुगर पण. ते म्हणतात उद्या बघू.

प्रतिसाद १
उद्या नाही, आत्ता निघा! लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहा, किती भराभर पसरतंय ते डॉक्टरांना लगेच दिसेल.

प्रतिसाद २
मी आयसीयूत नर्स आहे. खाऱ्या किंवा मचूळ कोमट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही पण लिव्हर बिघडलेलं असलं की रक्तात लोह जास्त मोकळं राहतं आणि हा लोहावरच फोफावतो, वर रक्तातले जंतू गाळायचं लिव्हरचं कामही मंदावलेलं. रक्तात पसरला तर जवळपास निम्मे पेशंट जातात, तेही कधीकधी एक-दोन दिवसांत, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. जखम छोटी आणि दुखणं भयंकर, हे लक्षण अजिबात हलकं घेऊ नका. जांभळट फोड यायची वाट तर बघूच नका. गेल्या गेल्या खाडीचं पाणी आणि सिरॉसिस दोन्ही सांगा, कारण त्यावरच औषध ठरतं, बहुतेक डॉक्सीसायक्लिनसोबत सेफ्टाझिडिमसारखं इंजेक्शन देतात, आणि मेलेला भाग लवकर कापून काढावा लागतो. कल्चरचं, म्हणजे जंतू कोणता ते तपासायचं, रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतात, पण त्यापायी डोस लांबायला नको.

प्रतिसाद ३
गोड्या पाण्यातही असे जंतू असतात. माझ्या भावाला तळ्यात लागलं होतं, एरोमोनास नावाचा वेगळा जंतू निघाला, त्याच्यावर अँपिसिलिन हे अँटिबायोटिक चालत नाही. पाण्यात पडला होता हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नाही, तीन दिवस फुकट गेले.

प्रतिसाद ४
पुढच्यासाठी, लिव्हरवाल्यांनी कच्ची कालवंही खाऊ नयेत, तोच जंतू पोटातून रक्तात जातो. लिंबू पिळून मरत नाही, नीट शिजवावीच लागतात.

मूळ प्रश्नकर्ता
पोचलो. येताना रेघेच्या चार बोटं वर गेली होती लाली, बीपी पण कमी निघालं. खाडी म्हटल्यावर डॉक्टरांनी लगेच सर्जनना बोलावलं. दोन्ही इंजेक्शनं सुरू झाली, आता ऑपरेशन थिएटरमध्ये नेतायत.